संगणकच प्रोग्रॅम लिहू लागतो तेव्हा...

- खास प्रतिनिधी

संगणकाकडून काम करून घ्यायचे तर त्याच्या भाषेत सांगावे लागते, आणि ती भाषा आत्मसात केलेल्या माणसाला प्रोग्रॅमर म्हणतात. ही समजूत अर्धशतकाहून अधिक काळ टिकून होती. तिच्याच आधारावर बंगळुरू, हैदराबाद आणि पुणे ही शहरे बदलली, हिंजवडीच्या माळरानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मध्यमवर्गीय घरांतील हजारो मुले-मुली अभियांत्रिकीकडे वळली. आता मात्र साध्या इंग्रजीत, किंबहुना मराठीतही, काय हवे ते सांगितले की संगणक स्वत:च प्रोग्रॅम लिहून देतो. एनव्हिडिया या चिपनिर्मिती कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी २०२४ च्या फेब्रुवारीत दुबईतील एका परिषदेत, यापुढे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याची गरज उरणार नाही, असे मत मांडले. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नामवंत अध्यापक अँड्र्यू एंग यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. प्रोग्रॅमिंग सोपे होते तेव्हा ते अधिक लोकांनी शिकायला हवे, असे त्यांचे म्हणणे. लिनक्स या कार्यप्रणालीचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी तर २०२४ मध्येच या क्षेत्रातील नव्वद टक्के भाग जाहिरातबाजीचा असल्याचे सांगून टाकले.

एवढी परस्परविरोधी मते तज्ज्ञच मांडत असतील, तर सामान्य वाचकाने आणि ज्याच्या घरात संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे त्या पालकाने काय समजायचे? त्यासाठी या विषयाचा इतिहास आणि यंत्राची कार्यपद्धती, दोन्ही समजून घ्यावी लागतील.

जुनेच स्वप्न

यंत्राने स्वत:च प्रोग्रॅम लिहावा, ही कल्पना नवी नाही. प्रोग्रॅमिंगच्या व्यवसायाइतकेच तिचे वय आहे. सुरुवातीच्या संगणकांना आज्ञा द्यायच्या तर त्या आकड्यांच्या रूपात, यंत्राच्या अंतर्गत रचनेनुसार लिहाव्या लागत. अमेरिकी नौदलात काम केलेल्या गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास 'ए-झीरो' ही प्रणाली तयार केली. माणसाने लिहिलेल्या संक्षिप्त सूचनांवरून यंत्राच्या आज्ञा जुळवण्याचे काम ती संगणकावरच सोपवत असे. संगणक केवळ आकडेमोड करू शकतो, प्रोग्रॅम तयार करणे त्याच्या आवाक्यातले नाही, अशी त्या वेळी अनेकांची ठाम समजूत होती. हॉपर यांच्या कामाकडे त्यामुळे सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही.

त्यानंतर आयबीएममधील जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा विकसित केली. ती १९५७ साली ग्राहकांच्या हाती पडली. गणिती सूत्रासारखे वाक्य लिहायचे आणि त्यावरून यंत्राच्या आज्ञा संगणकाने तयार करायच्या, अशी ही सोय होती. त्या काळी तिचे वर्णनच 'स्वयंचलित संकेतलेखन' असे केले जात होते. फोरट्रानमुळे संकेतलेखन आणि चुका शोधणे ही दोन्ही कामे जवळपास संपुष्टात येतील, अशी अपेक्षा या गटाने १९५४ च्या प्राथमिक अहवालात व्यक्त केली होती. जे काम हाताने करताना हजार आज्ञा लिहाव्या लागत, ते फोरट्रानमध्ये पन्नासएक ओळींत होऊ लागले. पण काम संपले नाही. उलट, पूर्वी जे प्रश्न संगणकाकडे नेण्याची कल्पनाही कोणी केली नसती ते आता नेले जाऊ लागले आणि प्रोग्रॅमरची मागणी वाढली.

पुढे हाच अनुभव पुन:पुन्हा आला. हॉपर यांच्या कामाची छाप असलेली कोबोल ही भाषा १९५९-६० मध्ये आली. व्यवस्थापकांनाही वाचता येईल अशा इंग्रजी वाक्यांत हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिता यावेत, हा तिचा हेतू होता. व्यवस्थापकांनी ते फारसे वाचले नाहीत. मात्र कोबोल जाणणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचे सॉफ्टवेअर विक्रीस आले. यापुढे माणसाला दुसरा प्रोग्रॅम लिहावाच लागणार नाही, असा दावा त्या नावातच होता. १९८२ मध्ये जपान सरकारने 'पाचव्या पिढीचा संगणक' हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. तर्कशास्त्रावर आधारलेला, माणसाप्रमाणे अनुमान काढणारा संगणक बनवण्याचे ते स्वप्न दहा वर्षांनी आवरते घ्यावे लागले.

ब्रूक्स यांचा मुद्दा

हे असे का घडले, याचे उत्तर आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६ साली एका निबंधात दिले. सॉफ्टवेअर तयार करण्यातील अडचणी दोन प्रकारच्या असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पहिल्या अडचणी साधनांच्या. भाषा क्लिष्ट असणे, यंत्र संथ असणे, चूक शोधायला वेळ लागणे या त्यात मोडतात. चांगली साधने आली की त्या कमी होतात. दुसऱ्या अडचणी मूळ विषयातल्या असतात. नेमके काय करायचे आहे हे ठरवणे, त्यातील परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालणे, हे काम कोणतेही साधन आपोआप करून देत नाही.

एक घरगुती उदाहरण घेऊ. एखाद्या पतपेढीने सांगितले, 'ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज द्या.' वाक्य साधे आहे. पण ठेव ठेवताना खातेदाराचे वय ५९ असेल आणि मुदत संपताना ६१, तर जादा व्याज द्यायचे का? दिले तर कोणत्या तारखेपासून? खाते आजोबा आणि नातू यांच्या नावे संयुक्त असेल तर? ठेव मुदतीपूर्वी मोडली तर? खातेदार हयात नसेल आणि वारस पस्तिशीचा असेल तर? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणीतरी द्यावे लागते. ते उत्तर पतपेढीच्या नियमांत, सहकार खात्याच्या परिपत्रकांत किंवा जुन्या लेखनिकाच्या स्मरणात असते. अनुभवी प्रोग्रॅमर हे प्रश्न आधी विचारतो. नवखा एक उत्तर गृहीत धरून पुढे जातो आणि मग वर्षअखेरीस हिशेब चुकतो.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता या कसोटीवर कोठे बसते, हाच सध्याच्या वादाचा गाभा आहे.

नियम शिकवायचे की उदाहरणे दाखवायची?

यंत्राला विचार करता येईल का, हा प्रश्न ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये 'माइंड' या नियतकालिकातील निबंधात मांडला. यंत्राशी लेखी संवाद करणाऱ्याला समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येत नसेल, तर त्या यंत्राला बुद्धिमान म्हणण्यास हरकत काय, असा त्यांचा रोख होता. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संज्ञा जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ च्या एका प्रस्तावात वापरली. त्यानुसार १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात शास्त्रज्ञांची बैठक झाली. या शास्त्राचा जन्म तेथे झाला, असे मानले जाते.

आरंभापासूनच या शास्त्रात दोन वाटा होत्या. एका वाटेवरच्या शास्त्रज्ञांना यंत्राला नियम शिकवायचे होते. ताप असेल आणि पुरळ असेल तर अमुक रोग समजावा, अशा प्रकारचे हजारो नियम लिहून 'तज्ज्ञ प्रणाली' तयार करण्यात आल्या. दुसऱ्या वाटेवरचे लोक मेंदूतील पेशींच्या जाळ्याचे गणिती अनुकरण करून यंत्राला उदाहरणांवरून शिकू देत होते. फ्रँक रोझेनब्लॅट यांचे 'परसेप्ट्रॉन' १९५८ मध्ये गाजले. पण त्याच्या मर्यादा १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी दाखवून दिल्या आणि ही वाट ओस पडली. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये सर जेम्स लाइटहिल यांच्या अहवालाने या संपूर्ण शास्त्राच्या प्रगतीवरच प्रश्नचिन्ह उमटवले आणि सरकारी निधी आटला. अशा उतरत्या काळाला या क्षेत्रात 'हिवाळा' म्हणतात, आणि असे हिवाळे एकापेक्षा अधिक वेळा आले.

१९९७ मध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू'ने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. मात्र ते यंत्र प्रामुख्याने प्रचंड वेगाने चाली तपासणारे होते. खरे वळण २०१२ मध्ये आले. टोरंटो विद्यापीठातील जेफ्री हिंटन आणि त्यांचे विद्यार्थी अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की व इल्या सुत्सकेव्हर यांच्या 'अ‍ॅलेक्सनेट'ने छायाचित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत चुकांचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाचे प्रमाण २६.२ टक्के होते. हे यश त्यांनी व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या एनव्हिडियाच्या दोन कार्डांवर मिळवले. उदाहरणांवरून शिकण्याची वाट पुन्हा रुळली ती तेव्हापासून. हिंटन यांना २०२४ मध्ये जॉन हॉपफिल्ड यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढचा शब्द कोणता?

भाषेच्या बाबतीत असाच टप्पा २०१७ मध्ये आला. गुगलशी संबंधित आठ संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. मूळ उद्देश इंग्रजीतून जर्मन आणि फ्रेंचमध्ये भाषांतर सुधारण्याचा होता. या आठ जणांत आशिष वासवानी आणि निकी परमार ही दोन भारतीय नावे आहेत. परमार यांनी अभियांत्रिकीची पदवी पुण्यातील पीआयसीटी या महाविद्यालयातून घेतली, ही बाब पुणेकरांना नक्कीच सुखावणारी आहे.

ट्रान्सफॉर्मरची कल्पना थोडक्यात अशी. वाक्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ लावताना इतर कोणत्या शब्दांकडे किती लक्ष द्यायचे, हे यंत्र स्वत: शिकते. 'रामने शामला त्याचे पुस्तक दिले' या वाक्यात 'त्याचे' म्हणजे कोणाचे, हे ठरवायला मागचा-पुढचा संदर्भ पाहावा लागतो. ही रचना वापरून अब्जावधी शब्दांच्या मजकुरावर यंत्राला एकच सराव दिला जातो : पुढचा शब्द कोणता असेल ते ओळख. चुकले की यंत्रातील आकडे किंचित बदलायचे. २०२० मध्ये ओपनएआय कंपनीने जाहीर केलेल्या 'जीपीटी-३' या प्रारूपात असे १७५ अब्ज आकडे होते.

या मजकुरात केवळ लेख आणि पुस्तके नव्हती. जगभरच्या प्रोग्रॅमरनी इंटरनेटवर खुले ठेवलेले प्रोग्रॅमही त्यात होते. प्रोग्रॅम हीसुद्धा एक भाषाच. तिचे व्याकरण काटेकोर, शब्दसंग्रह मर्यादित आणि त्याच त्या रचना वारंवार येणाऱ्या. शिवाय तिच्याबाबत एक मोठी सोय आहे. कवितेचे भाषांतर बरोबर आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. प्रोग्रॅम मात्र चालवून पाहता येतो. तो चालला की नाही, दिलेल्या चाचण्यांत उत्तीर्ण झाला की नाही, हे यंत्रालाच तपासता येते. त्यामुळे चालवून पाहणे, चूक दिसणे, सुधारणे असे सरावाचे चक्र माणसाच्या मदतीविना फिरवता येते. या यंत्रांची प्रगती प्रोग्रॅमिंगमध्ये इतकी झपाट्याने झाली, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

कोपायलट ते एजंट

गिटहब या मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या कंपनीने जून २०२१ मध्ये 'कोपायलट' हे साधन चाचणीसाठी खुले केले. प्रोग्रॅमर एक ओळ लिहू लागला की पुढच्या ओळी ते सुचवी. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि प्रोग्रॅमर नसलेल्यांनाही ही करामत दिसली. त्यानंतर काही दिवसांतच, प्रोग्रॅमरच्या शंकांची उत्तरे देणाऱ्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रसिद्ध संकेतस्थळाने चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. ती उत्तरे दिसायला बरोबर आणि प्रत्यक्षात बऱ्याचदा चुकीची असतात, हे कारण देण्यात आले.

पुढची पायरी 'एजंट'ची. एजंट केवळ ओळी सुचवत नाही. तो प्रकल्पातील फायली वाचतो, बदल करतो, चाचण्या चालवतो, चूक आढळली तर पुन्हा प्रयत्न करतो. खऱ्या प्रकल्पांतील २,२९४ तक्रारी घेऊन २०२३ मध्ये 'एसडब्ल्यूई-बेंच' नावाची परीक्षा तयार करण्यात आली, तेव्हा सर्वांत हुशार प्रारूपाला त्यातील दोन टक्केही सोडवता आल्या नव्हत्या. याच परीक्षेच्या निवडक ५०० प्रश्नांच्या आवृत्तीत २०२५ मध्ये आघाडीच्या प्रारूपांनी सत्तर टक्क्यांचा टप्पा ओलांडला. अर्थात, परीक्षेतील गुण आणि कचेरीतील काम यांत अंतर असते, हे आपल्याकडच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी या संशोधकाने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला. आपण हवे ते सांगायचे, यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम वाचायचासुद्धा नाही, चालला की पुढे जायचे, असा त्याचा अर्थ. आठवडाअखेरच्या हौशी कामासाठी हे ठीक आहे, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती. शब्द गाजला, पुस्ती मागे पडली.

वेग खरोखर वाढतो का?

या प्रश्नावर दोन अभ्यास शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरना एक छोटा सर्व्हर शून्यापासून लिहायला सांगितले होते. कोपायलट वापरणाऱ्यांनी ते काम सुमारे ५६ टक्के कमी वेळात पूर्ण केले. या अभ्यासात गिटहब आणि मायक्रोसॉफ्टशी संबंधित संशोधक होते, हेही नमूद केले पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये 'मेटर' या अमेरिकी संशोधन संस्थेने दुसरा प्रयोग जाहीर केला. त्यात १६ अनुभवी प्रोग्रॅमर होते आणि कामे त्यांच्याच जुन्या, मोठ्या प्रकल्पांतील होती. एकूण २४६ कामांपैकी काहींत कृत्रिम बुद्धिमत्तेची मुभा होती, काहींत नव्हती. या साधनांमुळे आपला सुमारे २४ टक्के वेळ वाचेल, असे त्यांना सुरुवातीला वाटत होते. काम झाल्यावरही २० टक्के वेळ वाचला, असेच त्यांनी सांगितले. घड्याळाने मात्र १९ टक्के वेळ जास्त लागल्याचे दाखवले.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. कोऱ्या पाटीवर काही लिहायचे असेल तेव्हा यंत्र वेगवान ठरते. वर्षानुवर्षे वाढलेल्या, ज्याच्या कानाकोपऱ्यात मालकाला ठाऊक असलेले संकेत दडले आहेत अशा प्रकल्पात मात्र यंत्राचे लिखाण वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात वेळ जातो. 'मेटर'चा प्रयोग २०२५ च्या आरंभीच्या साधनांवर झाला होता आणि साधने त्यानंतर सुधारली आहेत. तरीही आपल्याला वेग वाढल्यासारखे वाटणे आणि तो प्रत्यक्षात वाढणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्याचा धडा व्यवस्थापकांनी विसरू नये असा आहे.

चूक झाली तर जबाबदार कोण?

यंत्र उदाहरणांवरून शिकते. उदाहरणांत दोष असतील तर तेही शिकते. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये कोपायलटकडून सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांसाठी १,६८९ प्रोग्रॅम लिहून घेतले. त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत घुसखोराला वाव देणारी त्रुटी आढळली. कधी कधी यंत्र अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथालयाचे, म्हणजे तयार प्रोग्रॅमसंचाचे, नाव ठोकून देते. असे काल्पनिक नाव हेरून त्याच नावाचा घातक संच कोणी इंटरनेटवर ठेवला, तर बेसावध प्रोग्रॅमर तो स्वत:च्या हाताने आपल्या संगणकात आणतो.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या अमेरिकी कंपनीच्या एजंटने एका उद्योजकाचा चालू माहितीसाठाच पुसून टाकला. कोणताही बदल करू नये, अशी सूचना त्याला आधीच दिलेली होती. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि प्रत्यक्ष वापरातील माहितीसाठा चाचणीच्या साठ्यापासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. माफी कंपनीला मागावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे. एजंटला नोकरीवरून काढता येत नाही की न्यायालयात उभे करता येत नाही. बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा रेल्वेच्या प्रोग्रॅमखाली अखेर माणसाचीच स्वाक्षरी लागते.

मालकीचा प्रश्नही सुटलेला नाही. इतरांनी लिहिलेल्या खुल्या प्रोग्रॅमवर यंत्राला शिकवताना मूळ लेखकाच्या परवान्याच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, असा आरोप करणारा दावा नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत गिटहब, मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआय यांच्याविरुद्ध दाखल झाला होता.

मुंबई-पुण्याच्या नजरेतून

महाराष्ट्राचे या विषयाशी नाते जुने आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये मुंबईत कार्यान्वित झाला. १९६८ मध्ये मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, अर्थात टीसीएसची स्थापना झाली. १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झाले आणि सॉफ्टवेअर निर्यातीच्या पहिल्या कंपन्यांना तेथे आसरा मिळाला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक साकारला. नव्वदच्या दशकाअखेर 'वायटूके'चे संकट आले, तेव्हा जगभरचे जुने कोबोल प्रोग्रॅम तपासण्याचे काम भारतीय कंपन्यांकडे आले आणि या उद्योगाने मोठी झेप घेतली. व्यवस्थापकांना स्वत: वाचता येईल म्हणून निर्माण केलेली भाषाच चार दशकांनी भारतीय प्रोग्रॅमरच्या रोजगाराचे साधन ठरली.

या उद्योगाचे गणित साधे होते. मोठ्या संख्येने नवे पदवीधर घ्यायचे, त्यांना काही महिने प्रशिक्षण द्यायचे आणि चाचण्या, किरकोळ दुरुस्त्या, ठरावीक साच्याचे प्रोग्रॅम अशा कामांवर त्यांना बसवायचे. ती कामे करता करता मुले शिकत आणि चार-पाच वर्षांत प्रकल्पाची जबाबदारी घेऊ लागत. आज यंत्राला सर्वांत चांगली जमणारी कामे नेमकी हीच आहेत. धोका आहे तो या पहिल्या पायरीला.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोकांची कपात जाहीर केली. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणीतील कर्मचारी होते. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्यामागचे कारण नसून कौशल्ये आणि गरज यांचा मेळ नसणे हे कारण आहे, असे कंपनीचे मुख्याधिकारी के. कृतिवासन यांनी सांगितले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये वेतननोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २२ ते २५ या वयोगटातील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या नोकऱ्या २०२२ च्या अखेरच्या उच्चांकापेक्षा जवळपास वीस टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. जास्त वयाच्या, अनुभवी अभियंत्यांच्या बाबतीत अशी घट नव्हती. याचे सारे श्रेय वा दोष यंत्राला देता येणार नाही. करोनाच्या काळात झालेली अवाजवी भरती आणि त्यानंतर वाढलेले व्याजदर हीही कारणे आहेत. तरीही घट नवोदितांच्याच वाट्याला यावी, हे काळजी करण्यासारखे आहे. नवशिके घेतलेच नाहीत तर दहा वर्षांनी अनुभवी माणसे कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर उद्योगाला आजच शोधावे लागेल.

मराठीचे काय?

ही प्रारूपे शब्दांचे तुकडे करून वाचतात. हे तुकडे पाडण्याची पद्धत इंग्रजी मजकूर समोर ठेवून बेतलेली असल्याने देवनागरीतील एका शब्दाचे अनेक तुकडे होतात. शुल्क तुकड्यांच्या संख्येवर आकारले जाते. साहजिकच तोच मजकूर मराठीत महाग पडतो. अलीकडच्या प्रारूपांत ही तफावत कमी झाली आहे, संपलेली नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' मोहिमेला मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली 'भारतजेन' प्रकल्प भारतीय भाषांसाठी प्रारूपे तयार करत आहे. पुण्यातील 'एल-थ्री-क्यूब' या गटाने विद्यार्थ्यांच्या मदतीने २०२१ पासून मराठीचे भाषासंच तयार करून सर्वांना खुले केले. सरकारी मोहिमांच्या तुलनेत हे काम लहान दिसेल, पण मराठीसाठी काही करू पाहणाऱ्याला सुरुवात तेथूनच करावी लागते.

विद्यार्थ्याने काय शिकावे?

फोरट्रान आल्यावर यंत्राच्या आज्ञा आकड्यांत लिहिण्याचे कौशल्य कालबाह्य झाले. प्रश्न नीट मांडण्याचे कौशल्य झाले नाही. आताही चित्र बरेचसे तसेच आहे, मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. फोरट्रानचा अनुवादक ठरलेल्या वाक्याचा ठरलेलाच अर्थ लावत असे. आजचे यंत्र अर्धवट सूचनेतील रिकाम्या जागा स्वत:च्या अंदाजाने भरते आणि तसे केल्याचे नेहमी सांगतेच असे नाही. पतपेढीच्या उदाहरणात ५९ वर्षांच्या खातेदाराचे काय, हा प्रश्न ते कदाचित विचारेल, कदाचित परस्पर निर्णय घेऊन टाकेल. तो निर्णय शोधून काढण्यासाठी प्रोग्रॅम वाचता आला पाहिजे, चाचणी लिहिता आली पाहिजे आणि बँकेचा, शेतीचा, विम्याचा किंवा रुग्णालयाचा मूळ व्यवहार ठाऊक असला पाहिजे.

अभ्यासक्रमांत आजही भर असतो तो भाषेचे व्याकरण पाठ करण्यावर. त्याऐवजी दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचणे, त्यातील चूक दाखवणे, ती का घडली हे सांगणे यांना गुण मिळायला हवेत. प्रात्यक्षिकाची वही यंत्राकडून लिहून घेणारा विद्यार्थी परीक्षेपुरता सुटेल. मुलाखतीत समोर ठेवलेला पन्नास ओळींचा प्रोग्रॅम मात्र त्याला स्वत:लाच वाचावा लागणार आहे.

महत्त्वाचे टप्पे

१९५० : ट्यूरिंग यांचा 'माइंड'मधील निबंध
१९५२ : हॉपर यांची 'ए-झीरो' प्रणाली
१९५६ : डार्टमथ येथील बैठक
१९५७ : फोरट्रान ग्राहकांच्या हाती
१९७३ : लाइटहिल अहवाल
१९८६ : ब्रूक्स यांचा निबंध
१९९७ : डीप ब्लूची कास्पारोव्हवर मात
२०१२ : अ‍ॅलेक्सनेट
२०१७ : ट्रान्सफॉर्मर रचना
२०२१ : कोपायलट चाचणीसाठी खुले
२०२२ : चॅटजीपीटी
२०२५ : 'व्हाइब कोडिंग' या शब्दाचा प्रसार

संज्ञांची ओळख

कंपायलर : माणसाला कळणाऱ्या भाषेतील प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा अनुवादक प्रोग्रॅम.
प्रारूप (मॉडेल) : उदाहरणांवरून शिकून तयार झालेला आकड्यांचा संच. भाषेच्या प्रारूपाचे मूळ काम पुढचा शब्द ओळखण्याचे.
टोकन : प्रारूप वाचते तो शब्दाचा तुकडा. वापराचे शुल्क बहुधा यावरच आकारतात.
एजंट : सांगितलेले काम पार पाडण्यासाठी स्वत: फायली वाचणारे, आज्ञा चालवणारे आणि पुन:पुन्हा प्रयत्न करणारे साधन.
चाचणी (टेस्ट) : प्रोग्रॅम अपेक्षेप्रमाणे वागतो की नाही हे तपासणारा दुसरा प्रोग्रॅम.